पाठीवरचा पाय : खोल म्हणजे किती खोल?

गेल्या हिवाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या दोन दिवसांच्या एका शिबिरासाठी आम्ही कळंबला गेलो होतो. नालासोपारा स्थानकावरून पश्चिमेला निघून निर्मळच्या पुढे गेले, की सुरूच्या झाडांमागे हा किनारा लागतो. शनिवार-रविवारी मुंबईची बरीच मंडळी इथे येतात आणि त्यांच्यासाठी राहण्याजेवणाच्या सोयीही झाल्या आहेत. आमच्या मुक्कामाजवळ एका ठिकाणी 'पायांनी मालिश' अशी पाटी दिसली. जमिनीवर चटई, वर वाशाला बांधलेला जाड दोर आणि बाजूला तेलाची किटली. दोर धरून तोल सांभाळायचा आणि पालथ्या झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून, मांड्यांवरून पाय फिरवायचा, अशी ही पद्धत. पत्रकात दावे भरपूर होते. हाताचा दाब वरवर राहतो, पायाचा दाब स्नायूंच्या सर्वांत खोल थरात जातो, तिथल्या गाठी सुटतात, रक्ताभिसरण वाढते, साठलेली विषारी द्रव्ये बाहेर पडतात, वगैरे.

संध्याकाळच्या गप्पांत पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंनी विचारले, "सर, दोन महिने झाले कंबर धरली आहे. करून घेऊ का ही मालिश?" आम्ही उत्तर देण्याआधीच दुसरे एक शिक्षक म्हणाले, "बाई, पैसे कशाला घालवता? आमच्या शाळेत सातवीत एक पायाळू मुलगा आहे. गावात कुणाला उसण भरली की त्याला वर्गातून बोलावून नेतात. पाठीला पाय लावतो, की झालं काम. फुकटात!"

सगळे हसले. हसू ओसरल्यावर मात्र आमच्या लक्षात आले, की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. एका ठिकाणी पाय साठ किलो वजनानिशी पाठीवर चढतो, दुसऱ्या ठिकाणी तो नुसता टेकतो. दोन्हीकडे उठलेला माणूस 'बरे वाटले' म्हणतो. मग बरे कशाने वाटले? पदार्थांवरचा दाब आणि ताण मोजणे हे आमचे रोजचे काम. त्यामुळे या प्रश्नाचा थोडा पाठपुरावा केला. जे हाती लागले ते शिक्षकमित्रांपुढे ठेवत आहोत.

पाय तीन प्रकारचे

आधी घोटाळा टाळू या. तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासतात, तो पादाभ्यंग. तिथे पाय मालिश करून घेतो. आपला विषय आहे मालिश करणारा पाय.

ही पद्धत जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायामानंतर पायांनी अंग मर्दून घेण्याचा उल्लेख येतो. केरळात कळरिपयट्टूच्या आखाड्यांत दोराला धरून पायाने केलेली तेलमालिश आजही चालते. कथकली शिकणाऱ्या मुलांनाही पावसाळ्यात ती देतात. जपानमध्ये पायाच्या दाबाला 'आशियात्सु' म्हणतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत छताला समांतर दांडे बसवून हीच पद्धत नव्या नावाने सुरू झाली, आणि तिथून ती 'खोल ऊतींचा उपचार' असे बिरूद लावून परत आपल्याकडे आली. आपल्या घरांत मात्र तिला नाव नव्हते. दिवसभर शेतात राबून आलेले आजोबा पालथे झोपत आणि नातवाला म्हणत, "जरा पाय दे रे पाठीवर." नातू भिंतीला धरून तुडवत असे. एवढेच.

तिसरा पाय पायाळूचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पाय लावला किंवा हलकी लाथ मारली, की पाठीतली उसण किंवा चमक जाते, असा समज महाराष्ट्रभर आहे. पायाळूवर वीज पडते, त्याला गुप्तधन दिसते, असेही समज त्याला चिकटलेले आहेत. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भांपैकी शेकडा तीन-चार गर्भ पाय किंवा ढुंगण खाली अशा स्थितीत असतात. म्हणजे पाचशे मुलांच्या शाळेत असे पंधरा-वीस तरी असावेत! यांतले बरेचसे आता शस्त्रक्रियेने जन्मतात. पोटावरच्या छेदातून बाहेर आलेल्याचा पाय गुणकारी राहतो का, हे कुणी सांगत नाही.

दाब किती आणि किती खोल?

पत्रकातला पहिला दावा भौतिकशास्त्राचा आहे, म्हणून तो आधी घेऊ. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आठवीच्या मुलालाही येते. मालिश करणारा अंगठ्याने साधारण पाच किलो वजनाइतके बल लावतो आणि अंगठ्याचे टोक दोन चौरस सेंटिमीटर टेकते असे धरू. दाब झाला चौरस सेंटिमीटरला अडीच किलो. आता साठ किलोचा माणूस अर्धे वजन दोरावर आणि दुसऱ्या पायावर ठेवून एक पाय पाठीवर सपाट टेकवतो. बल तीस किलो, टेकलेले क्षेत्र सुमारे शंभर चौरस सेंटिमीटर. दाब झाला ०.३ किलो. म्हणजे बल सहापट असूनही कातडीवरचा दाब अंगठ्याच्या आठव्या हिश्श्याइतकाच! 'पायाचा दाब जास्त' हे विधान इथेच लंगडे पडते. जास्त असते ते बल.

पण इथेच थांबलो तर आपण पायावर अन्याय करू. दाब कातडीवर किती आहे हा एक प्रश्न, आणि आत जाताना तो किती वेगाने विरतो हा दुसरा. फ्रेंच गणिती बुसिनेस्क यांनी एकोणिसाव्या शतकात जमिनीवर ठेवलेल्या भाराचा ताण जमिनीत कसा पसरतो याचे गणित मांडले. इमारतीचा पाया आखताना स्थापत्य अभियंते आजही ते वापरतात. त्याचा सारांश असा, की भार जेवढा रुंद, तेवढा तो खोल पोहोचतो. अरुंद भाराचा ताण थोड्या खोलीवरच विरून जातो.

हे गणित आम्ही अंगठ्याला आणि पायाला लावून पाहिले. तीन सेंटिमीटर खोलीवर अंगठ्याच्या अडीच किलोतले जेमतेम पाव किलो उरते, एक दशांश. पायाच्या ०.३ किलोतले मात्र सुमारे ०.२७ किलो तिथपर्यंत टिकते. सहा सेंटिमीटरवर अंगठ्याचा दाब ०.०७ किलोपर्यंत घसरतो, पायाचा ०.१८ च्या आसपास राहतो. म्हणजे वरच्या थरात अंगठा जबर, तीन सेंटिमीटरवर दोघे जवळजवळ बरोबर आणि त्याखाली पाय सरस. शिवाय कातडीवर दाब कमी असल्याने तो टोचत नाही. पायाची मालिश सुखाची वाटते यात नवल नाही.

शरीर काही एकजिनसी माती नव्हे. त्यात चरबी, स्नायू आणि हाडे यांचे थर आहेत, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे समजावेत. तरीही दिशा बरोबर आहे. पाय खोल पोहोचतो, हा दावा आम्ही मान्य करतो.

आता टाच पाहा. टाचेचे क्षेत्र पंचवीस चौरस सेंटिमीटर धरले, तर त्याच तीस किलोचा दाब १.२ किलो होतो, आणि तीन सेंटिमीटर खोलीवरही त्यातला पाऊण किलोच्या आसपास उरतो. अंगठ्याच्या तिप्पट. सपाट पाय आणि टाच यांत फरक फक्त घोटा वळवण्याचा आहे. ही गोष्ट पुढे धोक्याचा विचार करताना लागेल.

वर्गात करून पाहा

भांडी घासण्याचे आठ-दहा मऊ स्पंज एकावर एक रचा. कडेच्या बाजूवर पेनाने प्रत्येक थरावर आडवी रेघ काढा. साधारण दोन चौरस सेंटिमीटर टोकाचा लाकडी ठोकळा कडेजवळ उभा ठेवून त्यावर दोनशे ग्रॅमचे वजन ठेवा. मग वीस चौरस सेंटिमीटर तळाचा ठोकळा घेऊन त्यावर दोन किलो ठेवा. दाब दोन्ही वेळा सारखाच. पहिल्या वेळी वरच्या एक-दोन रेघा वाकतील, दुसऱ्या वेळी खालपर्यंतच्या रेघा वाकलेल्या दिसतील. ओल्या तळपायाचा ठसा आलेख कागदावर उमटवून चौकोन मोजले, की प्रत्येक मुलाला स्वतःच्या पायाचा दाबही काढता येईल. कळंबला आम्ही हा पाठ ओल्या वाळूवरच घेतला. सपाट पावलाचा ठसा आणि टाचेवर उभे राहून केलेला खड्डा यांची खोली पट्टीने मोजली. शिक्षकही मुलांसारखे रमले.

पोहोचला, पण केले काय?

टपाल पत्त्यावर पोहोचले म्हणजे पत्रातला मजकूर खरा ठरत नाही. पत्रकातली खरी उडी याच ठिकाणी आहे. दाब खोल जातो, म्हणून खोलवरच्या ऊती 'सुटतात', असे ते म्हणते.

स्नायूंभोवती चिवट तंतूंची आवरणे असतात. ती ताणली, सैल झाली, की दुखणे जाते असे या पद्धतीचे समर्थक मानतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या हॅन्स चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे गणिती प्रारूप तयार केले. मांडीच्या बाहेरच्या बाजूचे जाड आवरण फक्त एक टक्का दाबायचे आणि एक टक्का सरकवायचे, तर त्यासाठी सुमारे ९२५ किलो वजनाइतके उभे बल आणि ४६० किलोंइतके आडवे बल लागेल, असे त्यांचे उत्तर आले. नाकावरच्या आवरणासारखी मऊ आवरणे थोड्या बलाने बदलू शकतात, हेही त्यांनी नोंदवले. पण मांडीवर उभा राहिलेला साठ किलोचा माणूस ९२५ किलोंच्या जवळपासही जात नाही. आपली ही आवरणे इतक्या सहज बदलली असती, तर बाकावर तासभर बसणेही आपल्याला महागात पडले असते.

रक्ताभिसरणाचे पाहू. १९९७ मध्ये कॅनडातल्या शूमेकर आणि सहकाऱ्यांनी मालिश चालू असताना हातापायांच्या रोहिण्यांतला रक्तप्रवाह ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोजला. मालिशीने तो वाढला नाही. स्नायूंच्या हलक्या हालचालीने मात्र वाढला. २०१० मध्ये कॅनडातच क्वीन्स विद्यापीठातल्या प्रयोगात व्यायामानंतरच्या मालिशीने रक्तप्रवाह उलट थोडा अडला आणि लॅक्टिक आम्लाचा निचराही मंदावला. दाबलेल्या नळीतून पाणी कमी वाहते, तसेच हे. हे दोन्ही प्रयोग हाताच्या मालिशीचे आहेत. पण पायाचे बल जास्त असताना निकाल नेमका उलटा येईल, असे मानायला आधार नाही. मालिशीनंतर कातडी लाल होते, ती कातडीतल्या बारीक वाहिन्या रुंदावल्यामुळे. त्यावरून खोल स्नायूंविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

लॅक्टिक आम्लाला तर उगाचच बदनाम केले गेले आहे. व्यायाम थांबल्यावर तासाभरात ते मूळ पातळीवर येते. शाळेच्या क्रीडामहोत्सवानंतर मुलांचे पाय दुखतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तेव्हा ते आम्ल तिथे नसतेच. 'विषारी द्रव्ये' म्हणजे नेमकी कोणती, हे पत्रक सांगत नाही. रक्त गाळण्याचे काम मूत्रपिंडे करतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात, आणि त्यासाठी त्यांना पाठीवर कुणी उभे राहावे लागत नाही.

मग बरे का वाटते?

बरे वाटते हे मात्र खरे आहे, आणि ते नाकारणे अशास्त्रीय ठरेल. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडले, की स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले, की वेदनेच्या संदेशांची वाट अंशतः बंद होऊ शकते. गुडघा आपटल्यावर आपण तो चोळतो, त्याचे कारण हेच. त्यांच्या मांडणीत पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना टिकली. त्याशिवाय उबदार तेल, अर्धा तास निवांत पडणे आणि कुणीतरी आपल्याकडे लक्ष देणे, यांचाही वाटा असतोच. २०१२ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठात अकरा तरुणांच्या थकलेल्या मांडीतून स्नायूंचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले गेले. मालिश केलेल्या पायात दाह दर्शवणाऱ्या काही रसायनांचे प्रमाण कमी आढळले. लॅक्टिक आम्लावर परिणाम झाला नव्हता. प्रयोग लहान आहे, पण मालिश म्हणजे निव्वळ भास नव्हे, एवढे त्यातून दिसते.

मोठ्या संख्येच्या चाचण्या काय सांगतात? २०२० मध्ये २९ अभ्यासांतल्या १०१२ जणांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. खेळाडूंची ताकद, उडी, वेग किंवा दमसास मालिशीने वाढल्याचे दिसले नाही. लवचिकता आणि नंतरची अंगदुखी यांत थोडा फायदा दिसला. कथकलीच्या मुलांना लवचिकतेसाठी मालिश देतात, ती अगदीच निराधार नसावी. कंबरदुखीविषयी कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात २५ चाचण्या आणि ३०९६ रुग्ण होते. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत मालिश घेणाऱ्यांना काही काळ उतार पडला, पण तो पुढे टिकला नाही. पुराव्याची प्रत इतकी हलकी होती, की कंबरदुखीवर मालिश परिणामकारक आहे असे म्हणण्याबाबत आपल्याला फारच थोडा विश्वास वाटतो, असे लेखकांनीच लिहिले आहे. या चाचण्या बहुतांशी हाताच्या मालिशीच्या आहेत. पायाच्या मालिशीवरच्या चाचण्या त्यामानाने फार थोड्या आणि लहान आहेत.

आणखी एक मुद्दा. खोलीला श्रेय द्यायचे, तर तेच तेल, तोच वेळ आणि तोच मालिश करणारा ठेवून फक्त दाब बदलून पाहायला हवा. मायामीच्या टिफनी फील्ड यांच्या गटाने हलका आणि मध्यम दाब यांची अशी तुलना केली आहे. अगदी हलक्या स्पर्शापेक्षा मध्यम दाबाने हृदयाचे ठोके अधिक संथ होतात, शरीर सैलावते, असे त्यांना आढळले. म्हणजे दाबाला काही महत्त्व आहे. पण मध्यम म्हणजे खोल नव्हे. जितके जास्त खोल तितके जास्त गुणकारी, हे यातून निघत नाही.

पायाळूची साक्ष

आता सातवीतल्या त्या मुलाकडे येऊ. नकळत तो आपल्यासाठी एक प्रयोग करून देत आहे. त्याचा पाय पाठीवर नुसता टेकतो. तीन सेंटिमीटर खोलीवर त्याचा दाब जवळजवळ शून्य. तरीही उसण जाते! दोराला धरून केलेल्या मालिशीनेही जाते. एका बाजूला खोल दाब आहे, दुसऱ्या बाजूला नाही, आणि दोन्हीकडची माणसे समाधानी आहेत. तेव्हा समाधानावरून खोलीचा गुण सिद्ध करता येत नाही. आणि त्याच न्यायाने पायाळूपणाचाही नाही.

दोन्हीकडे समान काय आहे, ते पाहा. अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माणूस उपचाराला जातो तो दुखणे सर्वांत जास्त असते तेव्हा. शिखरावरून पुढची वाट उताराचीच असते. त्या उताराचे श्रेय शेवटी जे केले त्याला मिळते. ज्यांना उतार पडला नाही, ते पायाळूकडे परत जात नाहीत आणि गावात सांगतही नाहीत. म्हणून कीर्ती वाढतच जाते.

हे तपासायचे कसे? दुखणाऱ्याला पालथे झोपवायचे, मागे पायाळू आणि साधा असे दोघे ठेवायचे आणि कुणी पाय लावायचा ते नाणे उडवून ठरवायचे. झोपलेल्याला ते कळू द्यायचे नाही. असल्या साध्या प्रयोगाची ताकद मोठी असते. अमेरिकेतल्या एमिली रोझाने नऊ वर्षांची असताना पुठ्ठ्याच्या आडोशाने असाच प्रयोग केला. रुग्णाच्या शरीराभोवतीची ऊर्जा हाताला जाणवते म्हणणाऱ्या २१ उपचारकांना, आपला हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढेच तिने ओळखायला सांगितले. २८० वेळांपैकी १२३ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. १९९८ मध्ये तिचा निबंध अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. आपल्या मुलांना हा प्रयोग जरूर सांगावा. पायाळूची परीक्षा मात्र शाळेत घेऊ नये. त्या मुलावर आधीच लोकांचे पुरेसे लक्ष आहे.

धोका कुणाला?

निरोगी, तरुण माणसाने जाणत्या हाताखाली, म्हणजे पायाखाली, मालिश करून घेतली तर बिघडण्याची शक्यता कमी. २००३ मध्ये एडझार्ड अर्न्स्ट यांनी मालिशीने झालेल्या इजांचा आढावा घेतला. गंभीर इजा विरळ आहेत, आणि ज्या झाल्या त्या बहुतेक अनोख्या पद्धतींनी किंवा अनभिज्ञ माणसांकडून झाल्या, असे त्यांना दिसले. पायाची मालिश या दोन्ही गटांत सहज बसू शकते.

टाचेचा हिशेब इथे आठवावा. अंगठ्याला समोरच्या कण्याची, बरगडीची जाणीव बारीक असते. टाचेची कातडी जाड, तिला ती कमी. आणि तोल गेला, की तीस किलोंचे साठ व्हायला क्षणही लागत नाही. हाडे ठिसूळ झालेली वयस्क माणसे, वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे, रक्त पातळ करण्याचे औषध चालू असणारे, गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, यांच्या पाठीवर किंवा पायांवर कुणीही उभे राहू नये. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे हाताचीही मालिश नको. गुठळी सुटून फुफ्फुसात गेल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा वजन घटणे, यांपैकी काही असेल तर थेट डॉक्टरांकडे जावे.

साध्या कंबरदुखीला मात्र घाबरण्याचे कारण नाही. अंथरूण धरू नये, जमेल तेवढे चालत राहावे, शेक घ्यावा. अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात नव्या कंबरदुखीसाठी शेकाच्या जोडीला मालिशीचेही नाव आहे, कारण बहुतेकांना कशानेही बरे वाटतेच आणि औषधाच्या गोळीपेक्षा मालिश निरुपद्रवी. तेव्हा ज्याला सुख वाटते त्याने हलकी मालिश जरूर घ्यावी. ती सुख म्हणून घ्यावी, खोलवरच्या दुरुस्तीसाठी नव्हे, एवढेच आमचे म्हणणे.

कळंबच्या त्या बाईंना आम्ही विचारले, काही औषधे चालू आहेत का? दम्यासाठी बरीच वर्षे त्या स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होत्या. आम्ही डॉक्टर नाही. 'मालिश राहू द्या, आधी हाडांची तपासणी करून घ्या,' इतकेच सुचवले. पुढे त्यांचे पत्र आले. हाडांची घनता बरीच कमी निघाली होती आणि उपचार सुरू झाले होते. मालिश केली असती तर त्यांचा मणका मोडलाच असता, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे पायाळूच्या भक्तांसारखाच तर्क झाला. पण ज्या पत्रकात इतके दावे होते, त्यात 'तुम्ही कोणती औषधे घेता?' हा एक प्रश्न असायला हवा होता.

त्या मुलाच्या शिक्षकांनीही पुढे काय केले ते कळवले. पाठीला पाय लावायला मुलाला नेण्यासाठी कुणी आले, की ते आता हसून सांगतात, "गणिताचा तास चालू आहे, सुटल्यावर या." शाळा सुटेपर्यंत थांबणारे थोडेच निघतात म्हणे. काहींची उसण तोवर जरा कमी झालेली असते. मुलाचा तास मात्र बुडत नाही.